खोलीच्या कायद्याचे चार शब्द

गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील चाळींत आपल्यापैकी अनेक कुटुंबांच्या पिढ्या नांदल्या. ज्या कायद्याने त्यांचे छप्पर राखले, त्याचे शब्द मात्र बहुतेकांना धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयाची पायरी चढल्यावरच कळतात. त्यांपैकी चार शब्दांचा इतिहास आम्ही येथे मांडत आहोत.

पहिला ‘स्टँडर्ड रेंट’, म्हणजे कायद्याने ठरवलेले भाडे. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत जागेची टंचाई झाली आणि १९१८ साली भाडेवाढीवर प्रथम बंधन आले. पुढे १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे सर्वसाधारणपणे प्रमाण मानले. गिरणी कामगाराला आणि कारकुनाला त्यामुळे शहरात टिकता आले. परंतु भाडे गोठले, तशी मालकांची दुरुस्तीची इच्छाही गोठली.

त्यातूनच दुसरा शब्द आला, ‘सेस’, अर्थात उपकर. इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन झाले व मूळ शहरातील जुन्या भाड्याच्या इमारतींवर दुरुस्तीसाठी हा कर बसला. ‘उपकरप्राप्त इमारत’ म्हणजे असा कर लागू असलेली इमारत.

तिसरा शब्द लोकांनीच घडवला : ‘पागडी’. भाडे कागदावर अल्प, जागेचे मोल मात्र वाढते. मधला फरक पावतीवाचून हातोहात दिला जाई. १९४७ च्या कायद्याने अशी रक्कम घेणे गुन्हा ठरवले होते, तरी व्यवहार चालूच राहिला. अखेर ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने त्याला मान्यता दिली. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी : पागडी कितीही मोठी दिली, तरी ती देणारा भाडेकरूच राहतो, मालक होत नाही.

चौथा शब्द सर्वांत साधा वाटतो आणि घराघरांत सर्वाधिक कलह तोच निर्माण करतो : ‘भाडेकरू’. भाडेकरूच्या मृत्यूनंतर हा हक्क कोणाकडे जातो? राहत्या जागेपुरते कायद्याचे उत्तर असे की, मृत्यूसमयी त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे; तसा कोणी नसेल तर वारसाकडे. एकमत न झाल्यास निर्णय न्यायालय देते. येथे मृत्युपत्र कामी येत नाही. भाडेकरूला आपला भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९४७ च्या कायद्याखालील एका प्रकरणात १९९४ साली स्पष्ट केले. नव्या कायद्यातील व्याख्याही जवळजवळ त्याच शब्दांत आहे.

आपल्या समाजात एखादी अविवाहित मावशी शेवटच्या दिवसांत भाच्याच्या नावे ‘माझी खोली’ लिहून ठेवते. तिच्या मायेविषयी शंका नाही. पण दागिने आणि बँकेतील ठेव यांप्रमाणे ती खोली तिच्या मालकीची नसते. म्हणून कोण कोणाबरोबर राहते याची नोंद शिधापत्रिकेत व मतदारयादीत वेळीच आणि खरेपणाने करावी, भाडेपावत्या जपाव्यात, आणि वडीलधाऱ्यांच्या हयातीतच भावंडांनी एकत्र बसून बोलावे. दफनविधीनंतर सुरू झालेला खोलीचा वाद पुष्कळदा पुढच्या पिढीलाही पुरून उरतो.