गुडघ्याखालचा खुंट

नडगीचे हाड मोडले, घोटा निखळला किंवा पावलावर शस्त्रक्रिया झाली की डॉक्टर बहुधा बजावतात, ‘काही आठवडे पाय टेकायचा नाही.’ हे काही आठवडे कुबड्यांवर काढावे लागतात आणि कुबड्यांची खरी किंमत हातांना मोजावी लागते. दोन्ही तळवे मुठींवर आणि दोन्ही काखा गादीवर अडकल्या की पाण्याचा तांब्या इकडून तिकडे नेता येत नाही, लहान मूल उचलता येत नाही, दुकानाचे शटर वर करता येत नाही. काखेवर सगळा भार टाकून चालणाऱ्याच्या दंडातली नस दाबली जाऊन मनगट लुळे पडण्याचा धोकाही असतो. ज्याचे पोट हातांवर आहे, त्याला पायाच्या दुखण्यापेक्षा ही अडचण अधिक जाचते. पाय जायबंदी असतानाही हात मोकळे राहावेत, यासाठी माणसाने पूर्वीपासून दोन वाटा चोखाळल्या आहेत. एकीत दुखरा भाग सोडून देऊन भार गुडघ्यावरच पेलायचा. दुसरीत दुखऱ्या भागाभोवती असे कवच घालायचे, की तोच पाय भार सहन करू लागेल. पहिली वाट कितीतरी जुनी आहे.

तिचा एक थक्क करणारा पुरावा चीनच्या शिनजियांग प्रांतात, तुर्फानच्या वाळवंटी खोऱ्यात सापडला. शेंगजिनदियान येथील दफनभूमीतल्या एका कबरीत सुमारे २,२०० वर्षांपूर्वीच्या प्रौढ पुरुषाचा सांगाडा मिळाला. त्याचा पाय कापलेला नव्हता. आजारपणामुळे मांडीचे हाड, नडगी आणि गुडघ्याची वाटी वाकलेल्या स्थितीतच एकमेकांना कायमची जुळून गेली होती, त्यामुळे पाऊल जमिनीला टेकणेच शक्य नव्हते. त्याच्यासाठी कोणीतरी पॉप्लरच्या लाकडाचा आधार घडवला होता. वरचा भाग मांडीलगत बसणाऱ्या फळीसारखा, तिच्या दोन्ही कडांना भोके आणि त्यांतून ओवलेले चामड्याचे पट्टे. खालचा भाग गोल खुंटासारखा. या खुंटावर शिंगाचे वेष्टन होते आणि टोकाला खुराचे बूच बसवलेले होते, म्हणजे जमिनीवर पकड राहील आणि लाकूड झिजणार नाही. लाकडावरच्या झिजेवरून तो माणूस हा आधार बांधून दीर्घकाळ वावरत होता, असे संशोधकांना दिसून आले. शिंग आणि खूर यांची ही निवड जनावरांच्या सोबतीने जगणाऱ्या माणसांची आहे. घसरणाऱ्या आणि झिजणाऱ्या टोकाचा प्रश्न त्यांनी हाताशी असलेल्या वस्तूंनी सोडवला. आज त्या जागी रबर असते, एवढाच फरक.

युरोपात हीच रचना पुढे पाय कापलेल्यांच्या नशिबी आली. सोळाव्या शतकातील फ्रेंच शस्त्रवैद्य आम्ब्रुआज पारे याने आपल्या ग्रंथांत कृत्रिम अवयवांची चित्रे दिली आहेत. त्यांतले काही पाय लोखंडी, कळांनी आणि स्प्रिंगांनी भरलेले आहेत. असे अवयव पारेला पॅरिसमधला एक कुलूपकार घडवून देत असे. त्यांच्याबरोबरच एक अगदी साधे चित्र आहे आणि ते गरिबांसाठी असल्याचे त्याने नोंदवले आहे. गुडघा मागे वाकवून गादीवर टेकायचा, मांडीच्या बाजूंनी वर जाणाऱ्या लाकडी पट्ट्या चामड्याने आवळायच्या आणि गादीखालच्या सरळ खुंटावर चालायचे. लोहार नको, कुलूपकार नको. गावच्या सुताराला जमेल असे हे काम होते.

या साध्या खुंटाने शस्त्रवैद्याची करवत कुठे चालायची, हेही ठरवले. पायाला सडण लागली आणि ती फक्त पावलापुरती असली, तरी पारे गुडघ्याखाली पाच बोटांवर पाय कापण्याचा सल्ला देतो. कारण गुडघा वाकवून खुंटावर टेकला की उरलेली नडगी मागे आडवी येते, दाराला, बाकाला, माणसांना अडते. त्याने एका दर्यावर्दी कप्तानाची हकिकत दिली आहे. तोफगोळ्याने या कप्तानाचे पाऊल उडाले, जखम भरून आली, पण उरलेली लांब नडगी त्याला नुसते ओझे होऊन बसली. तेव्हा त्याने स्वतःहून धडधाकट नडगी गुडघ्याखाली पाच बोटांवर कापून घेतली आणि त्यानंतर तो पूर्वीपेक्षा सहज वावरू लागला, असे पारे लिहितो. भूल देण्याची सोय नसलेल्या काळात माणूस दुसऱ्यांदा करवतीखाली जातो, यावरून मोकळेपणाने चालता येण्याची त्याला किती निकड असेल याची कल्पना येते.

पुढची जवळजवळ तीन शतके शस्त्रवैद्य गुडघ्याखालची हीच जागा पसंत करत राहिले. त्यात वर्गभेदही शिरला. ज्याला कारागिराकडून बनवलेला महागडा पाय परवडेल, त्याची नडगी लांब ठेवायची आणि कष्टकऱ्याची आखूड कापायची, असा विचार एकोणिसाव्या शतकापर्यंत उघडपणे मांडला जाई. शरीराचा किती भाग शिल्लक ठेवायचा, हे रोगाबरोबर मिळकतीवरही ठरत होते. आज हे वाचताना चीड येते, पण त्या वैद्यांसमोरचा हिशेब निष्ठुर असला तरी खोटा नव्हता. खुंटावर उभा राहणारा सुतार किंवा खलाशी दोन्ही हातांनी काम करू शकत होता.

सर्वांना मात्र ते साधले नाही. पीटर ब्रूगेल या चित्रकाराचे १५६८ सालचे एक लहानसे चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. वीतभर रुंदीच्या त्या फळीवर अपंग भिकाऱ्यांचा घोळका रंगवलेला आहे. काहींच्या वाकवलेल्या गुडघ्यांखाली लाकडी आधार बांधलेले आहेत आणि तरीही त्यांच्या हातांत कुबड्या आहेत. ज्याचे दोन्ही पाय गेले आहेत किंवा ज्याच्या कमरेत बळ नाही, त्याला खुंट पुरा पडत नाही. ही त्या साधनाची मर्यादा चित्रकाराने नेमकी टिपली आहे. लोकांच्या नजरेत मात्र हा खुंट भिकाऱ्याची आणि लढाईतून परतलेल्या शिपायाची खूण बनला. न्यू नेदरलँड वसाहतीचा गव्हर्नर पीटर स्टायव्हेसंट याच्यासारखा प्रतिष्ठित माणूस १६४४ साली पाय गमावल्यावर लाकडी पायावर वावरला. त्याच्या लाकडी पायावर चांदीचे पट्टे जडवलेले होते, असे सांगतात.

१६९६ साली आम्स्टरडॅमच्या पीटर व्हर्डाउन या शस्त्रवैद्याने वेगळी रचना पुढे आणली. तिच्यात गुडघा वाकवून बांधायची गरज नव्हती. मांडीला चामड्याची पकड, दोन्ही बाजूंना बिजागऱ्या आणि खाली नडगीचे कवच, त्यामुळे सांधा हलता राहायचा. शंभराहून अधिक वर्षे ती फारशी प्रचारात आली नाही. एकोणिसाव्या शतकात तिचे पुनरुज्जीवन झाले, पुढे भूल देऊन निवांतपणे शस्त्रक्रिया करता येऊ लागल्या, कृत्रिम पाय सुधारले आणि गुडघ्याखालचा खुंट हळूहळू मागे पडला. वाकलेल्या गुडघ्यावर जगणे सांध्याला जखडून टाकते, हे सर्वांना पटले होते.

पाय न गमावता केवळ हाड मोडलेल्या रुग्णाची गोष्ट यापेक्षा निराळी. त्याला शतकानुशतके खाटेवर पडून राहावे लागे. फळ्या, पट्ट्या, वजने आणि वाट पाहणे, एवढाच उपचार. १८३०च्या दशकात ब्रसेल्सच्या लुई स्यूताँ याने खळ लावून कडक होणाऱ्या पट्ट्या बांधून रुग्णाला लवकर उठवायला सुरुवात केली. १८५२ साली अँटोनियस माथाइसन या डच लष्करी डॉक्टरने हार्लेम येथून प्लास्टर ऑफ पॅरिस भरलेल्या पट्ट्यांची पद्धत प्रसिद्ध केली आणि क्रिमियाच्या युद्धात रशियन शस्त्रवैद्य पिरोगोव्ह याने जखमी सैनिकांवर प्लास्टर मोठ्या प्रमाणावर वापरले. रुग्ण खाटेवरून उठला, पण कुबड्यांवर आला.

लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस याने या कोड्याचा एक भाग सोडवला. त्याचे घराणे हाडवैद्यांचे. वडील पदवीविना हाडे बसवत, मुलाने रीतसर वैद्यक शिकून तोच धंदा पुढे नेला. मोडलेल्या किंवा सुजलेल्या सांध्याला अखंड आणि दीर्घ विश्रांती हवी, याबद्दल तो हटवादी होता. त्याच्या बंदरातल्या रुग्णांना मात्र घरी बसणे परवडणारे नव्हते. त्याने मांडीच्या मुळाशी बसणारे चामडी वेष्टनाचे कडे आणि तिथून बुटाच्या टाचेपर्यंत जाणाऱ्या दोन लोखंडी सळया अशी जोडणी केली. बसण्याच्या हाडावर घेतलेला भार सळयांतून थेट जमिनीवर उतरे आणि मधला सगळा पाय विश्रांती घेई. विचार खुंटाचाच होता. फक्त आधाराची जागा गुडघ्यावरून मांडीच्या मुळाशी सरकली होती.

दुसरी वाट, म्हणजे दुखऱ्या पायालाच चालता करण्याची, विसाव्या शतकात रुंद झाली. पॅरिसमध्ये पियेर देल्बे याने नडगीसाठी चालण्याचे प्लास्टर तयार केले. व्हिएन्नात १९२५ साली अपघातग्रस्तांसाठी रुग्णालय सुरू करणाऱ्या लोरेन्झ बोलर याने प्लास्टरच्या तळाशी लोखंडी कमान बसवून रुग्णांना तिच्यावर चालवले. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांत प्लास्टरच्या टाचेखाली बसवलेला रबरी ठोकळा याच परंपरेतला. पुढे अमेरिकेत ऑगुस्टो सार्मिएंतो याने पाय कापलेल्यांच्या कृत्रिम अवयवातून एक कल्पना उचलली. गुडघ्याच्या वाटीखालच्या स्नायुबंधावर भार पेलणारा साचा त्या कृत्रिम पायांत असे. तसाच घट्ट, पोटरीच्या आकाराला चिकटून बसणारा साचा त्याने मोडलेल्या नडगीवर चढवला आणि १९६७ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. भार मुख्यतः त्या स्नायुबंधावर जात नाही, तर घट्ट कवचात कोंडलेले पोटरीचे मांसच हाडाला चहूबाजूंनी धरून ठेवते, हे नंतरच्या मोजमापांतून कळले. कारण चुकीचे निघाले तरी रुग्ण चालले. पायावर योग्य प्रमाणात भार पडला की हाड जुळण्यास मदत होते, हेही या कामामुळे ठसठशीतपणे पुढे आले.

तरीही मागे पडलेला खुंट पुढे परत आला. त्याचे कारण शस्त्रक्रियेच्या यशात आहे. १९५८ साली स्वित्झर्लंडमध्ये काही शल्यविशारदांनी स्थापन केलेल्या एओ या गटाने धातूच्या पट्ट्या आणि स्क्रू वापरून हाड घट्ट बसवण्याचे शास्त्र उभारले. प्लास्टरमध्ये महिनोन्‌महिने कोंडून राहिल्याने सांधे आखडतात, स्नायू झिजतात, म्हणून सांधे लगेच हलवायचे, पण पट्टी वाकू नये म्हणून त्या पायावर उभे राहायचे नाही, अशी शिस्त आली. नडगीच्या मधल्या भागासाठी पुढे हाडाच्या पोकळीत घालायच्या सळईने हा प्रश्न बराच सोडवला. घोटा, टाचेचे हाड, पावलाचा मधला भाग आणि शिवलेली टाचेची शीर यांच्या बाबतीत मात्र पाय न टेकण्याची अट अनेकदा कायम राहिली. माणूस ठणठणीत आणि गुडघा शाबूत, पण घोट्याखालचा भाग वर्ज्य, असा रुग्ण आधुनिक शस्त्रक्रियेने घडवला. पारेच्या काळातला खुंट नेमका अशाच शरीरासाठी होता.

विसाव्या शतकाच्या अखेरीस कॅनडातील एका शेतकऱ्याने गुडघ्यावर टेकायच्या आधाराला नवे रूप दिले आणि पुढे ‘आयवॉक’ या नावाने ते बाजारात आले. ही प्रेरणा शेतातून यावी यात नवल नाही. जनावरांना चारा-पाणी करताना कुबडी कुठे ठेवायची, हा प्रश्न रुग्णालयात सुचत नाही. अ‍ॅल्युमिनियम आणि प्लास्टिकच्या या साधनात गुडघा काटकोनात वाकवून नडगी गादीच्या आडव्या फळीवर ठेवतात. मांडीभोवती आणि पोटरीभोवती पट्टे आवळतात. खालच्या दांड्याची उंची कमी-जास्त करता येते आणि त्याच्या तळाशी रुंद रबरी पाऊल असते. भार गुडघ्याखालच्या हाडातून दांड्यात उतरतो, घोट्यापर्यंत पोचतच नाही. पाऊल पुढे टाकण्याचे काम कंबर आणि मांडी करतात, त्यामुळे मांडीचे स्नायू कुबड्यांच्या तुलनेत अधिक कामात राहतात.

अमेरिकेत पाऊल आणि घोट्याच्या ४४ रुग्णांना काखेतल्या कुबड्या आणि हे साधन, दोन्हींवर चालायला लावून २०१९ साली तुलना प्रसिद्ध झाली. ८६ टक्के रुग्णांनी हात मोकळे ठेवणारा आधार पसंत केला आणि त्यावर त्यांना दमही कमी लागला. गुडघ्यावर टेकून ढकलायची चाकांची गाडी याच कुळातली वाटते, पण तिची मूठ धरावीच लागते आणि जिन्यापुढे ती थांबते.

खुंटाच्या जुन्या अडचणी नव्या साधनातही पूर्ण सुटलेल्या नाहीत. मागे आडवी राहणारी नडगी आजही दाराच्या चौकटीला अडते. पारेच्या कप्तानाची तक्रार हीच होती आणि आता तर त्या नडगीच्या टोकाला ताजी शस्त्रक्रिया झालेला पाय असतो. गुडघा बराच वेळ वाकलेला राहिल्याने रक्ताचा परतीचा प्रवाह मंदावतो, म्हणून मधूनमधून साधन सोडून पाय उंच ठेवावा लागतो. दुसरा पाय भक्कम आणि तोल पक्का हवा. उतारवयात, चक्कर येणाऱ्याला किंवा गुडघाच दुखावलेल्याला ते चालत नाही. घरी एकट्याने वापरण्याआधी कठड्याशेजारी, कोणाच्या तरी देखरेखीखाली चालण्याचा सराव करून घेतात. हाड जुळत आले आणि डॉक्टरांनी पायावर थोडा थोडा भार टाकायला सांगितले, की या साधनाचे काम संपते. गुडघ्यावर टेकलेल्या पायाला एक तर सगळा भार टाळता येतो किंवा काहीच नाही; मधली पायरी त्यात नाही. त्या टप्प्यावर पायात टणक बूट चढतो आणि हातात पुन्हा कुबड्या किंवा काठी येते.