बियाणं टपोरं, तरी उगवण कमी का? पेशीपटलाची रचना आणि काम समजून घ्या

वाशिम : पेरणी झाली की दरवर्षी कुठून ना कुठून तक्रार येतेच, "बियाणं चांगलं दिसत होतं, पण उगवलं नाही." दाणा टपोरा, रंग पिवळाधमक, कीडही नाही. मग बिघडलं काय? अनेकदा बिघाड डोळ्यांना न दिसणाऱ्या एका पडद्यात असतो. त्याचं नाव पेशीपटल. मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात हा धडा असतो, पण त्याचा संबंध थेट आपल्या वावराशी आहे.

पेशीपटल म्हणजे काय?

माणूस असो, म्हैस असो की सोयाबीन, सगळ्यांचं शरीर पेशींचं बनलेलं आहे. प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो, तेच पेशीपटल. त्याची जाडी साधारण ७ ते ८ नॅनोमीटर. म्हणजे असे सव्वा लाख पडदे एकावर एक ठेवले तर कुठे एक मिलिमीटर भरेल. झाडांच्या पेशीला त्याबाहेर आणखी एक टणक पेशीभित्तिका असते. ती आकार देते. आत काय येऊ द्यायचं आणि बाहेर काय जाऊ द्यायचं, ते मात्र पेशीपटल ठरवतं.

रचना कशी असते?

हा पडदा मुख्यतः फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध पदार्थाचा असतो. त्याच्या कणाचं डोकं पाण्याकडे ओढतं, तर दोन शेपट्या पाण्यापासून पळतात. म्हणून हे कण दोन थरांत उभे राहतात : डोकी बाहेरच्या बाजूंना, शेपट्या मधे. बिस्किटाच्या पुड्यावर 'सोया लेसिथिन' लिहिलेलं असतं, ते याच जातीचं द्रव्य. सोयाबीनच्या कच्च्या तेलातूनच ते काढतात.

या दोन थरांत प्रथिनं बसलेली असतात. काही दारासारखी, काही निरोप घेणारी. पडदा घट्ट नसतो, त्यातले कण सरकत राहतात. सिंगर आणि निकोल्सन या शास्त्रज्ञांनी १९७२ साली ही रचना मांडली.

काम काय?

१) निवड करणे : ऑक्सिजन सहज आरपार जातो. पण मीठ, साखर, पालाश यांना प्रथिनांचं दार लागतं. जुलाब झाल्यावर ओआरएस देतात, त्यात मीठ आणि साखर दोन्ही का? कारण आतड्याच्या पेशीत एक दार असं आहे की त्यातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीनंच आत जातात आणि मागोमाग पाणी शोषलं जातं.

२) पाण्याचा तोल राखणे : लिंबाच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं. बाहेर क्षार जास्त झाले की पेशीतलं पाणी बाहेर येतं, याला परासरण म्हणतात. मुळाशी रासायनिक खत जास्त पडलं की रोप कोमेजतं, ते याचमुळे.

३) निरोप घेणे : इन्सुलिन पेशीत शिरत नाही. ते पटलावरच्या प्रथिनाला चिकटतं आणि तिथूनच आत निरोप जातो.

आता सोयाबीनचं पाहा

वाळलेल्या दाण्यात पाणी फार कमी असतं, त्यामुळे पेशीपटलाची घडी विस्कटलेली असते. दाणा ओला झाला की सुरुवातीला आतली साखर, पालाश थोडे बाहेर झिरपतात. बियाणं ताजं असेल तर पटल लवकर सावरतं आणि गळती थांबते. जुनं, ओलं साठवलेलं किंवा मार बसलेलं असेल तर गळती चालूच राहते. बाहेर पडलेल्या साखरेवर जमिनीतली बुरशी वाढते आणि दाणा कुजतो. प्रयोगशाळेत बियाणं भिजवलेल्या पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतात. क्षार जास्त गळाले की वीज जास्त वाहते, म्हणजे बियाणं कमजोर.

सोयाबीनचं टरफल पातळ आणि अंकुर अगदी त्याच्या खाली. म्हणून मार लवकर लागतो. एका साली आम्हीच घरच्या बियाण्याचे कट्टे ट्रॉलीवरून धाडकन खाली टाकले होते. त्या वर्षी तासात निम्मी जागा रिकामी राहिली.

पेरणीआधी हे करा

- वेगवेगळ्या कट्ट्यांतून न निवडता १०० दाणे घ्या. ओलं करून पिळलेल्या गोणपाटावर १०-१० च्या ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा. गोणपाट ओलसर हवं, पाणी साचायला नको.
- सहा-सात दिवसांनी चांगले कोंब मोजा. ७० किंवा जास्त असतील तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. ६५ असतील तर सव्वाबत्तीस, ६० असतील तर ३५ किलो घ्या. त्याहून कमी असेल तर ते बियाणं पेरू नका.
- कट्टे आपटू नका, उंच थप्पी लावू नका, ओल्या फरशीवर ठेवू नका.
- सोयाबीन पाण्यात भिजत घालून पेरू नका. पाणी एकदम आत शिरलं की पटल फाटतं.

दाणा वरून कितीही चमकला तरी आतला पडदा शाबूत आहे की नाही, हे गोणपाटच सांगतं. सात दिवस आणि १०० दाणे, एवढाच खर्च. दुबार पेरणीपुढे तो काहीच नाही.