चिलमीपासून विजेच्या सिगारेटीपर्यंत

अमरावतीहून नागपूरकडे निघालेल्या हमरस्त्यावर, शहराच्या ईशान्येस दहा-बारा किलोमीटरांवर वसलेले नांदगाव पेठ हे आज औद्योगिक वसाहत, औष्णिक वीजकेंद्र आणि कापडाचे कारखाने यांमुळे ओळखले जाते. खंडेश्वराच्या नावाचे दुसरे नांदगाव याच जिल्ह्यात असल्यामुळे पेठेचा उल्लेख मात्र आवर्जून करावा लागतो. जेथे कापूस, सूत आणि कापड यांच्या राशी रचलेल्या असतात तेथे एका ठिणगीलाही प्रवेश असू शकत नाही, आणि म्हणून पाळीवर निघालेला कामगार विडी ओढायची ती दरवाजाबाहेरच्या पानठेल्याशी ओढून घेतो, व आत गेल्यावर तलफ आलीच तर ती बहुधा गालात धरलेल्या तंबाखूवर किंवा सुपारी मिसळून घोटलेल्या खर्‍यावर भागवतो. कोणत्या माणसाने तंबाखू कोणत्या साधनाने घ्यावी, हा प्रश्न केवळ आवडीचा आहे असे वरवर वाटते. परंतु वऱ्हाडापुरता त्याचा इतिहास पाहिला, तर विस्तव कोठून मिळणार आणि फुरसत किती आहे, या दोन गोष्टींनीच त्याचा निकाल बहुतांशी लावलेला दिसतो.

अकबराच्या फौजांनी १५९६ साली वऱ्हाड घेतले आणि त्याचा सुभा झाला, त्या वेळी या मुलखाच्या पिकांत तंबाखूची गणना नव्हती. महसुलाच्या बाबतीत अत्यंत काटेकोर असलेल्या ‘आईन-ए-अकबरी’तही तिचे नाव नाही. पोर्तुगीजांच्या गलबतांतून गोव्यास उतरलेली ही वनस्पती आदिलशाही मुलखात मात्र तोवर रुळली होती. बादशहाच्या वतीने विजापूरच्या दरबारी गेलेला असद बेग परतताना, म्हणजे १६०४-०५ च्या सुमारास, रत्नजडित हुक्का आणि तंबाखूचा मोठा साठा घेऊन आग्र्यास आला, आणि त्याने तो प्रसंग आपल्या लेखनात विस्ताराने नोंदविला आहे. बादशहाने कुतूहलाने एकदोन झुरके घेतले. राजवैद्याने, आपल्या ग्रंथांत जिचा उल्लेख नाही अशी वस्तू सेवन करू नये, असा आक्षेप घेतला. आणि असद बेगाने, प्रत्येक रूढी कधीतरी नवीनच होती, असा युक्तिवाद करून वैद्याचा प्रतिवाद केला. बादशहाने पुढे तंबाखू ओढली नाही, पण उमरावांनी ती मागवली, व्यापाऱ्यांनी ती विकावयास घेतली, आणि जहांगीराने १६१७ साली काढलेले मनाईचे फर्मान कागदावरच राहिले. नव्या साधनाचा पुरस्कर्ता, संशयी वैद्य, उत्सुक धनिक आणि उशिरा जागे झालेले सरकार, ही चारही पात्रे या पहिल्याच प्रसंगात उपस्थित आहेत, आणि चारशे वर्षांनंतरच्या प्रसंगातही ती तशीच भेटतात.

वऱ्हाडातील देशमुखांच्या गढ्यांत आणि अचलपूरच्या नवाबी थाटात हुक्का शिरला तो प्रतिष्ठेचे चिन्ह म्हणून. बिदरी कलाकुसरीचे, काळ्या धातूवर रुप्याची वेलबुट्टी असलेले त्याचे पात्र, त्यातील पाणी, वरची चिलीम, गूळ घालून मळलेला गुडाखू, नळी आणि फुललेले निखारे हा सारा सरंजाम सांभाळावयास स्वतंत्र हुक्काबरदार लागे, आणि ओढणाऱ्याजवळ लोडाला टेकून बसण्याइतका निवांत वेळ असावा लागे. निजाम आणि नागपूरकर भोसले यांच्या दोअंमलीत, जेव्हा एकाच गावचा वसूल दोन सरकारांचे कारकून मागावयास येत, तेव्हा गढीवरच्या बैठकीत हुक्का पुढे करणे हा आदरातिथ्याचा भाग होता. शेतात राबणाऱ्या रयतेला मात्र हे साधन परवडणारे नव्हते, आणि पैसा असता तरी ते तिच्या दिनक्रमात बसणारे नव्हते.

रयतेचे साधन चिलीम. कुंभाराने घडविलेली, आव्यात भाजलेली ही मातीची आखूड नळी; आत अडसर म्हणून टाकलेला एक खडा, त्यावर चुरलेली तंबाखू, वर विस्तव, आणि खालच्या टोकास ओली छापी, म्हणजे धूर निववणारी कापडाची चिंधी. मूठ वळून, ओठ न टेकवता ती ओढली जाई, आणि एका हातातून दुसऱ्या हातात जाई. तिचे सारे शास्त्र विस्तवाभोवती फिरत होते. घरी चूल असली तर चिंता नसे. रानात मात्र चकमक आणि गारगोटी झाडून ठिणगी पाडावी लागे आणि ती कापसाच्या बोळ्यावर धरून फुंकीत बसावे लागे. चिलीम एकट्यासाठी पेटवणे त्यामुळे परवडत नसे. आउतावरचे चौघे बांधावर एकत्र येत, गाडीवान मुक्कामाच्या जागी शेकोटीभोवती बसत, तेव्हा ती पेटे, आणि दिवसातून ती किती वेळा पेटावी याचे नियमन आपोआपच होत असे. या संगतीची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे: कोणाच्या हातातली चिलीम कोणी घ्यावी, हे जातीच्या निर्बंधांनी ठरलेले होते, आणि जातपंचायतीने बहिष्कृत केलेल्या माणसाचे हुक्कापाणी बंद होई. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले होते त्यांची चिलीमही गावकुसाबाहेरच फिरे. जुन्या ग्रामजीवनातील जिव्हाळ्याचे वर्णन करताना हे विसरणारा लेखक सत्याशी प्रतारणा करतो, असे मला वाटते.

विस्तव मागून आणण्याची ही रीत वऱ्हाडच्या भक्तिपरंपरेतही अमर झाली आहे. शेगावी १८७८ साली प्रकट झालेल्या गजानन महाराजांच्या चरित्रात अशी कथा येते की, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी महाराजांच्या चिलमीसाठी जानकीराम सोनाराकडे विस्तव मागावयास गेलेल्या मुलांना त्याने नकार दिला, आणि मग महाराजांचा भक्त बंकटलाल याने नुसती काडी वर धरताच चिलीम पेटली. श्रद्धावंताला तेथे लीला दिसेल. इतिहासाच्या अभ्यासकाला त्याबरोबरच हेही दिसेल की, त्या काळच्या शेगावात चिलमीचा विस्तव म्हणजे शेजाऱ्याच्या भट्टीतून मागून आणावयाची वस्तू होती.

ही व्यवस्था मोडली ती लोहमार्गाने, कापसाने आणि काडेपेटीने. वऱ्हाड १८५३ साली इंग्रजांच्या ताब्यात आले. पूर्वी बैलांच्या पाठीवरून गंगाकाठच्या मिर्झापुरापर्यंत जाणारा इथला कापूस मुंबईकडे वळला. १८६७ साली गाडी बडनेऱ्यावरून पुढे नागपुरास पोहोचली. १८७० साली खामगावची शाखा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाली. आणि अमरावती, अकोला, खामगाव येथे जिन-प्रेसांची धुराडी उभी राहिली. त्याच गाड्यांतून स्वीडन आणि जपान येथील काडेपेट्या आल्या, व पुढे १९२३ साली स्थापन झालेली ‘विमको’ कंपनी त्या आपल्याच देशात बनवू लागली. खिशात विस्तव आला, आणि चार माणसे जमण्याची गरज संपली. आता फक्त एकट्याने, थोड्या वेळात, उभ्या-उभ्या ओढता येईल असे साधन हवे होते, आणि ते विडीने दिले.

विडीची जन्मभूमी गुजरात. तेथे ती प्रथम आपट्याच्या जातीच्या पानात वळली जाई. सन १८९९-१९०० च्या दारुण दुष्काळात देशोधडीस लागलेली गुजराती कुटुंबे रेल्वेच्या कामांवर मध्यप्रांतात आली, आणि गोंदिया-जबलपूरच्या रानात त्यांना टेंभुर्णीचे, म्हणजे तेंदूचे पान सापडले. हे पान रुंद, लवचिक, भिजवून कापले असता न फाटणारे. जबलपुरात १९०२ च्या सुमारास मोहनलाल व हरगोविंददास पटेल यांनी विडीचा संघटित व्यापार उभा केला, आणि भंडारा, गोंदिया, कामठी या पट्ट्यात घरोघरी सुपात तंबाखू घेऊन विड्या वळणाऱ्या स्त्रियांची पिढ्यान्‌पिढ्यांची मजुरी सुरू झाली. उन्हाळ्यात रानातून पाने तोडावी, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधावे, ते फडीवर, म्हणजे संकलनाच्या जागी, मोजून द्यावे, हा विदर्भातील आदिवासींचा हंगामी रोजगार. त्याचा व्यापार १९६९ च्या कायद्याने शासनाच्या नियंत्रणाखाली आला, आणि विडी कामगारांसाठी १९६६ साली केंद्राने स्वतंत्र कायदा केला. त्या कामगार स्त्रियांच्या फुप्फुसांत आणि बोटांत शिरलेल्या तंबाखूचा हिशेब मात्र कोणत्याही दप्तरात पुरता मांडला गेला नाही.

परंतु विडीत एक कपट आहे. तेंदूचे पान सहजी जळत नाही. वारंवार आणि खोल झुरके घेतले नाहीत तर विडी विझते. ती पेटती ठेवण्याच्या नादात ओढणारा सिगारेटीपेक्षा अधिक कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर छातीत घेतो. आकाराने लहान म्हणून अपाय लहान, हा गैरसमज वऱ्हाडातील कितीतरी वृद्धांच्या दम्यात आणि कर्करोगात परिणत झाला आहे. स्वदेशीच्या काळात विलायती सिगारेटीला पर्याय म्हणून विडीला जो मान मिळाला, त्यानेही या गैरसमजाला बळच दिले.

सिगारेटीविषयी थोडक्यात सांगता येईल. इम्पीरियल टोबॅको कंपनी १९१० साली कलकत्त्यास स्थापन झाली, हैदराबादेची ‘चारमिनार’ सिगारेट मराठवाड्या-वऱ्हाडात पसरली, आणि कारकून, वकील, महाविद्यालयीन तरुण यांनी ती उचलली. खेड्यात ती पाहुण्यासाठी आणि लग्नसराईसाठीच राहिली. जिन-प्रेसमध्ये मात्र विडीलाही वाव नव्हता, सिगारेटीलाही नव्हता. सरकीच्या आणि रुईच्या ढिगांत काम करणाऱ्याला चंचीतील तंबाखू, डबीतील चुना आणि तळहात एवढेच साधन उरले. पुढे त्यात सुपारी मिसळून खर्रा झाला. महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, खर्रा मात्र पानठेल्यावर घोटला जातच राहिला. सन २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २४.४ टक्के लोक तंबाखू खातात किंवा हुंगतात, आणि केवळ ३.८ टक्के ओढतात, असे आढळले. आगीला बंदी असलेल्या कामांनी या प्रमाणास हातभार लावला असावा, असे माझे मत आहे.

अशा प्रदेशात विजेवर चालणाऱ्या सिगारेटीची वार्ता आली. हॉन लिक नावाच्या चिनी औषधनिर्मात्याने, ज्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले, २००३ साली हे यंत्र सिद्ध केले; त्याचे आज रूढ असलेले रूप म्हणजे एक विद्युत्‌घट, एक तापणारी तार, आणि निकोटीनयुक्त द्रव, ज्याची वाफ ओढावयाची. विस्तव नाही, राख नाही, काडेपेटी नाही. परदेशातील विक्रेते गिऱ्हाइकास विचारीत, दिवसाला किती सिगारेटी ओढता, कडक की सौम्य, आणि त्यावरून बारीक नळीसारखे यंत्र द्यावे की मोठ्या घटाचे, द्रवात प्रत्येक मिलिलिटरला ६ मिलिग्रॅम निकोटीन असावे, १२ की १८, हे ठरवून देत. गिऱ्हाइकाच्या सवयीचे इतके सूक्ष्म माप पूर्वी कोणीही घेतले नव्हते. इंग्लंडात सिगारेट सोडविण्याचे साधन म्हणून आरोग्यखात्यानेच त्याचा पुरस्कार केला. भारत सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश काढून आणि त्याच वर्षी कायदा करून त्याचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर संपूर्ण बंदी घातली. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. नांदगाव पेठेसारख्या गावी असे यंत्र निवडण्याचा प्रश्न कायद्यानेच निकालात काढलेला आहे.

हा निर्णय मला योग्य वाटतो, आणि त्याचे कारण वरील इतिहासातच आहे. चिलमीला चार माणसे लागत, विडीला काडी लागे, सिगारेटीला निदान घराबाहेर जावे लागे. या यंत्रास यांपैकी काहीच लागत नाही, आणि थांबण्याचे निमित्त न उरलेले साधन अजून तंबाखूला न शिवलेल्या पोरांच्या हाती द्यावे असे कोणता जाणता माणूस म्हणेल? तथापि, पानठेल्यावर विडीचा कट्टा उघड मिळत असताना केवळ नव्या यंत्रावर बंदी घालून शासनाचे कर्तव्य संपत नाही, हेही तितकेच ठामपणे म्हटले पाहिजे. नांदगाव पेठेच्या याच हमरस्त्यावर पुढे मोझरीस गुरुकुंज वसविणाऱ्या तुकडोजी महाराजांनी आणि वलगावजवळ देह ठेवलेल्या गाडगेबाबांनी व्यसनमुक्तीसाठी जन्मभर गावे पालथी घातली. त्यांनी एका व्यसनाऐवजी दुसरे घ्यावे असे कधी सांगितले नाही.

सवयीचे माप घ्यावयाचेच असेल तर ते सोडण्यासाठी घ्यावे. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ज्याला पहिली विडी लागते त्याचे व्यसन खोल समजतात, आणि त्याला डॉक्टर निकोटीनच्या २ मिलिग्रॅमच्या गोळीऐवजी ४ मिलिग्रॅमची चघळण्याची गोळी सुचवितात. मात्रा हळूहळू उतरवीत नेतात. केंद्र शासनाची १८००-११-२३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा याच कामासाठी आहे. आपल्या घरात, शेतात किंवा कारखान्यात जो कोणी सोडू इच्छितो, त्याला हा क्रमांक लिहून द्यावा, आणि पहिला दूरध्वनी करताना त्याच्याजवळ बसावे, एवढी वाचकांस विनंती आहे.