काचीगुड्याची काजळी

सेवानिवृत्तीनंतर माणसाने काय करावे, याविषयी आमच्या घरात जितकी माणसे तितकी मते. मी मात्र माळ्यावरची सागवानी फळी खाली काढली आणि तिच्यावर काचीगुड्याचे स्टेशन उभारायला घेतले. हैदराबादेतले आमचे घर त्या स्टेशनाच्या हाकेच्या अंतरावर. गाड्यांच्या शिट्ट्यांवर आम्ही शाळेची वेळ ओळखत असू.

पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी १९९८ साली लोकांसाठी खुले केलेले लघुरेल्वे संग्रहालय मी पाहिले होते. तिथले शहर कल्पनेतले आहे. रस्ते, दिवे, सर्कस, पोहण्याचा तलाव आणि त्यांतून धावणाऱ्या गाड्या. पाहून डोळे निवतात. माझी हौस त्याहून लहान, पण हट्टी. मला खरे स्टेशन हवे होते. आणि 'खरे' म्हणताच पहिला प्रश्न पुढे आला: कोणत्या सालचे खरे?

हैदराबाद-मनमाड हा मीटरगेज मार्ग निजामाच्या राज्यात विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पडला. लांबी सुमारे ३९० मैल. काचीगुड्याची घुमट-मिनारांची इमारत १९१६ची, मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीतली. १९५० साली निजामाची रेल्वे भारत सरकारकडे आली, १९५१मध्ये मध्य रेल्वेत गेली आणि १९६६मध्ये दक्षिण मध्य रेल्वेत. मनमाड ते तेव्हाचे औरंगाबाद हा रूळ १९९२ साली रुंद झाला. या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत मार्गाचा उरलेला तुकडाही रुंद झाला आणि मीटरगेज आठवणीत जमा झाले.

खेळण्यांच्या बाजारात ते सापडेना. एकास सत्त्याऐंशी या प्रमाणात विकत मिळणाऱ्या रुळांची रुंदी असते साडेसोळा मिलिमीटर. खऱ्या जगात ती होते १४३५ मिलिमीटर, म्हणजे परदेशातला प्रमाण रूळ. हैदराबादेत तो आला २०१७ साली, तोही मेट्रोसाठी! आपला ब्रॉडगेज १६७६, मीटरगेज १०००. या मापात मीटरगेजला साडेअकरा मिलिमीटर लागतात. शेवटी बारा मिलिमीटरचे रूळ मागवले आणि अर्ध्या मिलिमीटरची चूक पदरात घेतली.

मग देखावा. परदेशी चित्रे पाहून मी भुशाला हिरवा रंग दिला, जमिनीवर कुरण पसरले, स्टेशन पांढरेशुभ्र रंगवले. प्लॅस्टिकच्या चेंडूचा अर्धा भाग घुमट म्हणून छान शोभला. खडी म्हणून चाळलेली दगडाची पूड रुळांत पसरली. पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये साबणाचा एक थेंब टाकून ते ड्रॉपरने सोडले. साबणामुळे डिंक खडीत मुरतो, नाहीतर वरच गोळा होऊन बसतो.

दिवाळीला नांदेडहून अक्का आली. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी. चष्मा पुसून तिने पाहिले.

"काय रे बापू, स्टेशन धुऊन वाळत घातलंस की काय?"

"का गं?"

"काजळी कुठंय? छपराखालून हात फिरवला की हात काळा व्हायचा. आणि हे गवत कुणाच्या गावचं?"

तिने सांगितले ते असे. १९५६च्या दिवाळीला वडील आम्हाला काचीगुड्याहून धर्माबादेस आजोळी घेऊन गेले. अक्का दहा वर्षांची, मी तीन. त्या वर्षी अमावास्या होती २ नोव्हेंबरला आणि राज्याची वाटणी झाली १ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेलंगण आंध्र प्रदेशात. मुधोळ, भैंसा नांदेड जिल्ह्यातून आदिलाबादेत गेले. किनवट, राजुरा आदिलाबादेतून इकडे आले.

"जाताना घरातून आजोळी गेलो," अक्का म्हणाली, "येताना एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आलो. गाडी तीच, डबा तसाच. आई मात्र वाटेत गप्प होती."

माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. माझे स्टेशन ऑक्टोबर १९५६च्या अखेरीचे करायचे, गाडी सुटण्याआधीचे.

कुरण खरवडून काढले. त्या जागी वाळवलेली चहाची पूड आणि तांबडा मुरूम आला. ग्रॅनाइटचे खडक, त्यांच्या फटीत सीताफळाची झुडपे, मागे ताड आणि चिंच. झाडांना तांब्याच्या तारेचे खोड आणि घोसाळ्याच्या जाळीचा पाला. मग अक्काच्या हट्टाने दुसरी, धर्माबादची फळी आली. तिथे मी काळी माती पसरू लागलो, महाराष्ट्र म्हणून! तीही चूक. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडे, देगलूर-बिलोलीच्या बाजूला, ग्रॅनाइट आहेच. तो बेसाल्ट आणि ती काळी जमीन पश्चिमेला पुढे लागते. खडकाने १९५६ची रेघ पाहिलेलीच नाही. मिरचीच्या राशींसाठी मात्र विटेची पूड वापरली. खरी तिखट पूड टाकली असती तर नातवंडे शिंकून बेजार झाली असती.

राहिली काजळी. काळा रंग मारून पाहिला, तो रंगच दिसे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अक्काने पणतीवर पितळी ताटली उपडी धरली, डोळ्यांत घालायच्या काजळासाठी आई धरायची तशी. ताटलीला जमलेली काजळी मऊ कुंचल्याने छपराच्या आतून, रुळांकडच्या भिंतीवर, घुमटाच्या बगलेला बसवली. काचीगुडा एकदम ओळखीचे झाले.

शेवटची पाटी. आज काचीगुड्याच्या पाटीवर तेलुगू, हिंदी, इंग्रजी आणि उर्दू अशी चार अक्षरे आहेत. मी अक्काला म्हणालो, "यात मराठी नाही."

तिने देवनागरी ओळीवर बोट ठेवले. "ही हिंदी असेल त्यांची. मी सत्तर वर्षं मराठीच वाचत आले."

तिच्या बोटाची काजळी पाटीवर उमटली. मी ती पुसलेली नाही.