माळ कोणासाठी बंद झाला?

मैंदर्गीहून दुधनीच्या रस्त्याने आपण कधी गेला असाल, तर तुरीच्या रानांमधून अधूनमधून उघडा, मुरमाड माळही आपल्या नजरेस पडला असेल. आपण त्याला पडीक म्हणतो. फासेपारध्याला तसे म्हणता येत नसे. त्याचे पोट त्या माळावर होते. तित्तर कोठे चरायला उतरतो, ससा कोणत्या जाळीतून निघतो, हे ठाऊक असल्याशिवाय फास लावून काय उपयोग? त्यांच्यातले गायपारधी तर शिकवलेल्या गाईच्या आडोशाने सावजाच्या अगदी जवळ जात.

हा माळ त्यांना बंद कसा झाला, ते आज पाहू.

2020 साली करोनाची साथ आली, तेव्हा अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने शिकारीच्या सरकारी जमिनी मार्चअखेर बंद केल्या आणि टर्की पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम पुढे ढकलला. शिकारी मंडळी चिडली. मोकळ्या रानात एकट्या फिरणाऱ्या माणसाला कोणाची लागण होणार, असा त्यांचा सवाल होता, आणि तो काही अगदीच गैर नव्हता. 5 मे रोजी जमिनी पुन्हा खुल्या झाल्या. म्हणजे बंदी सुमारे सहा आठवड्यांची. आमच्या पारध्याची बंदी मोजायला आठवडे पुरत नाहीत.

1878च्या जंगल कायद्याने सरकारी राखीव रान म्हणजे काय ते ठरले. पुढे 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि 1897च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला. त्याच्या आधाराने रेल्वेचे उतारू तपासले जाऊ लागले, माणसे वेगळी ठेवली जाऊ लागली. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. प्लेगच्या दिवसांत गावेच्या गावे घरे सोडून रानात झोपड्या घालून राहत. त्या साथीत माळ हा आसरा होता. 2020च्या साथीत उलट झाले. माणसे घरात कोंडली गेली आणि बाहेरचे सारे बंद. कायदा मात्र तोच, 1897चा. महाराष्ट्राने तो 13 मार्च 2020 रोजी लागू केला.

त्या उन्हाळ्यात परजिल्ह्यात जायला आपणास पास काढावा लागला, नाक्यावर अडवून घेऊन ‘कोठे निघालात?’ या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले. किती जीव कासावीस झाला आपला! फासेपारध्यांना हे नवे नव्हते. 1911च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली नोंद झालेल्या पारध्याला हजेरी द्यावी लागे, आणि पासाशिवाय हद्द ओलांडणे हा गुन्हा ठरे. सावज हद्द पाळत नाही. त्याच्यामागे जाणाऱ्याने ती कशी पाळावी? सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती, तिथली माणसे गिरणीत कामाला जात. सेटलमेंट हे नाव सोलापूरकरांच्या तोंडी अजून आहे. कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला, संशय काही रद्द झाला नाही.

मग 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. 1979 साली नान्नजच्या परिसरात माळढोकासाठी अभयारण्य झाले. 1991च्या दुरुस्तीने परवान्याच्या शिकारीलाही जवळजवळ पूर्णविराम मिळाला. या कायद्यांना मी नावे ठेवणार नाही. आज जिल्ह्यात माळढोक दिसलाच तर त्याची बातमी होते. पक्षी इतका विरळ झाल्यावर बंदी नको कसे म्हणावे? पण अभयारण्याची हद्द सुमारे 8,496 चौरस किलोमीटर होती, तीत शेते आली, गावे आली. शेतकऱ्यांनी ओरड केली, आणि पुढे ती सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आली. पारध्याच्या ओरडीला सातबारा नव्हता.

म्हणून 2020 साली त्याची शिकार बंद झाली, असे म्हणणे बरोबर नाही. ती कायद्याने आधीच बंद होती. बंद झाली ती तिच्या जागी धरलेली कामे: रोजाची मजुरी, फिरती विक्री, आठवड्याचा बाजार. एप्रिलात केंद्र सरकारने अभयारण्यांत आणि राष्ट्रीय उद्यानांत माणसांची ये-जा रोखायला राज्यांना सांगितले. तरीही ‘ट्रॅफिक’ या संस्थेच्या पाहणीत, टाळेबंदीपूर्वीच्या सहा आठवड्यांत देशभर चोरट्या शिकारीच्या 35 घटना आढळल्या होत्या, त्या टाळेबंदीच्या सहा आठवड्यांत 88 झाल्या. त्यांपैकी पुष्कळ मांसासाठी होत्या. हे सारे पारध्यांनीच केले, असे मात्र कोणी समजू नये. तो जुना संशय झाला.

शिक्षकबंधूंना एक सुचवतो. आपल्या शाळेत पारध्याचे पोर असेल तर त्याला माळावरल्या पक्ष्यांची नावे विचारा, आणि ती फळ्यावर लिहू द्या. अकोला आणि वाशिम जिल्ह्यांतल्या काही फासेपारधी वस्त्यांनी गवताचे माळ राखायचे आपणहून ठरवले. तिथे चराईवर आणि शिकारीवर बंधन आहे, आणि ते घालणारे शिकाऱ्यांचेच वंशज आहेत.