एका टिचकीच्या दोन टिचक्या

यंत्र बिघडलें म्हणजे तें बंद पडतें, अशी सामान्य समजूत आहे. घड्याळाची कमान तुटली कीं कांटे थांबतात. दिव्याची तार जळली कीं अंधार होतो. परंतु कांहीं यंत्रांची रीत उलटी असते. तीं बिघडलीं म्हणजे सांगितलेलें काम करीत नाहींत असें नव्हे. सांगितल्याहून अधिक करूं लागतात. संगणकाजवळचा माऊस हा या दुसऱ्या जातीचा. त्याच्या डाव्या कळेवर बोटानें एकच टिचकी मारावी आणि संगणकानें ती दोनदां ऐकावी, हा त्याचा उतारवयांतील ठरलेला विकार होय. एखादें पत्र नुसतें निवडावयाचें असतें, तर तें उघडून समोर उभें राहतें. एक चित्र या कप्प्यांतून त्या कप्प्यांत ओढून न्यावें, तर तें वाटेंतच हातून सुटतें. एक खिडकी मिटावी, तर तिच्यामागील दुसरीही मिटते. आणि या सर्वांहून दुःखाची गोष्ट अशी कीं, घरांतील वडील माणूस यंत्राला दोष न देतां आपल्याच हाताकडे पाहूं लागतें. बोट थरथरूं लागलें काय, असा संशय त्याच्या मनांत येतो, आणि संगणकाला हात लावण्याचें धैर्यच हळूहळू जातें.

या संशयाला आधार आहे कीं नाहीं, हें ठरविण्यासाठीं माऊसच्याही मागें जावें लागतें. कारण हा दोष माऊसहून पुष्कळ जुना आहे. लोहाराचा घण ऐरणीवर पडला म्हणजे तो तेथेंच स्वस्थ बसत नाहीं. एक-दोन लहान उसळ्या घेतो आणि मग स्थिरावतो. धातूवर धातु आपटला कीं उसळी ही आलीच. विजेची कळ म्हणजे तरी दुसरें काय? दोन धातूंचीं टोंकें. तीं भेटलीं कीं प्रवाह सुरू, दुरावलीं कीं बंद. तीं भेटतांना तीच उसळी घेतात. पहिला स्पर्श, क्षणिक वियोग, पुन्हां स्पर्श, पुन्हां वियोग, आणि मग कायमची भेट. हें सर्व सेकंदाच्या कांहीं सहस्रांशांत आटोपतें, म्हणून डोळ्याला दिसत नाहीं कीं कानाला ऐकूं येत नाहीं.

सॅम्युएल मोर्स यानें २४ मे १८४४ रोजीं वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तारेनें संदेश पाठविला, तेव्हांही कळेचीं टोंकें उसळतच असलीं पाहिजेत. पण त्याचा उपद्रव झाला नाहीं. दुसऱ्या टोंकाला लोहचुंबकानें ओढला जाणारा लोखंडाचा दांडा होता. तो जड, आणि जड म्हणून मंद. सहस्रांश सेकंदाची उसळी त्याच्यापर्यंत पोंचण्यापूर्वींच संपून जाई. पुढें अमेरिकेंतील आल्मन स्ट्रोजर यानें माणसावांचून जोडणी करणाऱ्या दूरध्वनि-केंद्राचें पेटंट १८९१ सालीं मिळविलें, आणि १८९२ सालीं इंडियाना प्रांतांतील ला पोर्ट येथें असें पहिलें केंद्र सुरू झालें. तेथें तर विजेचे ठोके मोजूनच कोणाला जोडावें हें ठरे. तरीही लोखंडी दांड्यांची मंदगति हीच त्या मोजणीची रक्षक ठरली. मंद कानाला बारीक कुजबूज ऐकूं येत नाहीं, हा कधीं कधीं त्याचा गुणच असतो.

टोंकांची दुसरी व्याधि मात्र त्या काळच्या कारागिरांना चांगली ठाऊक होती; ती म्हणजे मळ आणि गंज. चांदीसारखा उत्तम वाहक धातुही हवेंतील गंधकाच्या संयोगानें काळवंडतो. म्हणून तारायंत्रांतून टोंकांना प्लॅटिनमसारखा न गंजणारा मोलाचा धातु लावीत. टोंकांच्या मध्यें परकी वस्तु आली म्हणजे काय होतें, याचें प्रसिद्ध उदाहरण हार्वर्ड विद्यापीठांत बांधलेल्या 'मार्क दोन' या संगणकाचें आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं त्याच्या एका विद्युत्-खटक्याच्या टोंकांमध्यें पतंग अडकलेला सांपडला. चालकांनीं तो नोंदवहींत चिकटवून ठेविला, आणि ती वही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयांत जपून ठेविलेली आहे.

माऊसच्या पोटांत जी कळ बसविलेली असते, तिचा जन्म १९३२ सालचा. अमेरिकेंतील इलिनॉय प्रांतांत फ्रीपोर्ट येथें बर्जेस बॅटरी कंपनींत काम करणाऱ्या मॅकगॉल नांवाच्या गृहस्थानें ती शोधून काढिली. तिचें मर्म एका वांकविलेल्या लवचिक पट्टींत आहे. वरून थोडा थोडा दाब देत गेलें तरी पट्टी प्रथम दाद देत नाहीं. पण एका ठराविक बिंदूला ती एकदम पलटी खाते आणि 'टिक्' असा आवाज करून दुसऱ्या टोंकावर जाऊन बसते. बोट कितीही सावकाश दाबा, पलटीचा वेग पट्टीचा असतो, बोटाचा नव्हे. १९३७ सालीं या कळेसाठीं 'मायक्रो स्विच' नांवाची स्वतंत्र कंपनी निघाली. १९५० सालीं ती हनीवेल कंपनीनें घेतली. जपानांत काझुमा तातेइशी यांच्या कारखान्यानें १९४३ सालीं अशी कळ बनविली. हाच कारखाना पुढें ओमरॉन या नांवानें प्रसिद्ध झाला, आणि आज जगांतील असंख्य माऊसांत त्याच्याच कळा असतात.

माऊसचा जनक डग्लस एंगलबार्ट. कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत त्याच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश या सहकाऱ्यानें १९६४ सालीं पहिला नमुना तयार केला: लांकडाची लहानशी पेटी, खालीं एकमेकांशीं काटकोनांत बसविलेलीं दोन चाकें, वर एकच कळ. ९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें विद्वानांच्या सभेंत एंगलबार्टनें त्याचें प्रात्यक्षिक दाखविलें, तेव्हां त्यावर तीन कळा होत्या. १७ नोव्हेंबर १९७० रोजीं त्याचें पेटंट मंजूर झालें. तीन कळा म्हणजे तीन निरनिराळ्या आज्ञा. तेथें एकच कळ लागोपाठ दोनदां दाबण्याचें प्रयोजन फारसें नव्हतें.

तें प्रयोजन पुढें उत्पन्न झालें. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनालयांत १९७५ च्या सुमारास लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनीं 'जिप्सी' नांवाची लेखन-प्रणाली रचिली. तींत शब्द निवडण्यासाठीं दुहेरी टिचकीचा उपयोग होता. १९८३ सालीं ॲपल कंपनीनें 'लिसा' हा संगणक विक्रीस आणिला आणि १९८४ च्या जानेवारींत 'मॅकिंटॉश'. या दोहोंच्या माऊसवर एकच कळ होती. नवख्या माणसाचा कोणती कळ दाबावी असा गोंधळ होऊं नये, हा त्यांतील हेतु. पण आज्ञा तर अनेक द्यावयाच्या! तेव्हां कळांची उणीव काळानें भरून काढण्यांत आली. एक टिचकी म्हणजे 'हें निवड'. पाठोपाठ दोन म्हणजे 'हें उघड'. पाठोपाठ म्हणजे किती वेळांत? विंडोज प्रणालींत ही मर्यादा सामान्यतः अर्धा सेकंद ठरविलेली असते. अर्ध्या सेकंदांत दुसरा ठोका आला कीं दोन्ही मिळून एक नवी आज्ञा बनते. मोर्सच्या लिपींतही ठोक्यांतील अंतराला अर्थ होता. तोच येथें नव्या वेषांत आला.

येथेंच जुन्या उसळीला नवें महत्त्व प्राप्त झालें. संगणकाचा कान लोखंडी दांड्याचा नाहीं. सेकंदाच्या दशलक्षांशांत घडलेलेंही तो ऐकतो. पट्टीनें घेतलेली प्रत्येक उसळी त्याला स्वतंत्र टिचकी वाटूं शकते. नव्या कळांची उसळीही कांहीं शून्य नसते. जॅक गॅन्सल या अमेरिकन अभियंत्यानें अठरा प्रकारच्या कळा प्रत्येकीं तीनशें वेळां दाबून पाहिल्या, तेव्हां उसळीचा सरासरी काळ सुमारें दीड सहस्रांश सेकंद भरला. म्हणून माऊसच्या आंत बसविलेल्या सूक्ष्म नियंत्रकाला शिकवावें लागतें कीं, पहिला स्पर्श ऐकल्यावर थोडा थांब. कांहीं सहस्रांश सेकंद जें होईल तिकडे लक्ष देऊं नकोस. मंद कानाचा जो गुण तारायंत्राला फुकट लाभला होता, तो येथें बुद्धिपुरस्सर उत्पन्न करावा लागला.

मग दोष केव्हां उद्भवतो? जेव्हां उसळीचा काळ या सहनशीलतेच्या मर्यादेबाहेर जातो तेव्हां. लक्षावधि टिचक्यांनंतर पट्टीचा ताण ओसरतो, टोंकें झिजतात, त्यांवर काळिमा चढतो. याला आणखी एक कारण आहे, आणि तें चमत्कारिक आहे. या कळा मूळ मोठा प्रवाह चालू-बंद करण्यासाठीं बनल्या. मोठ्या प्रवाहाची बारीक ठिणगी टोंकांवरचा मळ जाळून टाकी. माऊसमधील प्रवाह इतका क्षीण असतो कीं, तो मळ जाळूं शकत नाहीं. विशेषतः तार नसलेल्या माऊसमध्यें घटाची शक्ति वांचविण्यासाठीं तो आणखी कमी ठेवावा लागतो. अशा रीतीनें कळ कष्टानें नव्हे, तर फार हलक्या कामानें मलिन होते. मग बोट दाबलेलें असतांनाच टोंकें क्षणभर सुटतात, पुन्हां भेटतात, आणि संगणक दुसरी टिचकी लिहून घेतो. चढाओढीच्या खेळांसाठीं बनविलेल्या माऊसांत उत्तर लवकर मिळावें म्हणून ही थांबण्याची मुदत कमी केली जाते, तेथें हा विकार अधिक लवकर डोकें वर काढतो.

निदानाची रीत वैद्याच्या रीतीहून निराळी नाहीं. एकेक शक्यता वगळीत जावें. प्रथम एका टिचकीनें उघडण्याची सोय चुकून चालू झाली नाहीं ना, तें पाहावें. नंतर माऊस दुसऱ्या संगणकाला जोडावा. विकार त्याच्याबरोबर गेला तर संगणक निर्दोष ठरला. पुढें व्यवस्थेंत डाव्या-उजव्या कळांचीं कामें अदलाबदल करावीं. उजवी कळ डाव्याचें काम बिनचूक करूं लागली तर दोष डाव्या कळेच्या पोटांतच आहे. उजवी कमी वापरांतली म्हणून बहुधा धडधाकट असते. शेवटची कसोटी निर्णायक होय. एखादी वस्तु पकडून, कळ घट्ट दाबून धरून, पडद्यावर सावकाश फिरवावी. ती मध्येंच सुटली तर बोटाचा दोष नाहीं हें सिद्ध झालें. कारण बोट हललेंच नव्हतें. थरथरत्या हाताचा संशय येथें कायमचा मिटतो.

दुहेरी टिचकीची मुदत कमी करण्याचा उपाय अनेक जण करून पाहतात. त्याचा गुण येत नाहीं, आणि तें साहजिक आहे. ती मुदत माणसाच्या दोन टिचक्यांमधील अंतरासाठीं आहे. उसळी त्याच्या कितीतरी आंत घडून जाते. उपयोग होतो तो फार जवळ आलेली दुसरी टिचकी गाळून टाकणाऱ्या प्रणालीचा. टोंकें साफ करणारें द्रव्य आंत सोडल्यासही कांहीं दिवस आराम पडतो. खरा उपाय मात्र कळ बदलण्याचा. माऊसच्या पायांखालीं दडलेले स्क्रू काढावे, जुन्या कळेचे तीन पाय डाखापासून सोडवावे, नवी कळ त्या जागीं डाखावी. कळेची किंमत मोजक्या रुपयांची. काम कुशल दुरुस्ती-कारागिराला अर्ध्या तासाचें.

माऊसचा एरवींचा इतिहास भागांच्या लोपाचा आहे. चाकें जाऊन गोळी आली. १९९९ नंतर प्रकाशानें चालणारे माऊस प्रचारांत येऊन गोळीही गेली. पुष्कळांची तारही गेली. राहिली ती १९३२ ची पट्टी. अलीकडे तिच्यावरही पाळी आली आहे. रेझर कंपनीनें २०१९ सालीं आपल्या कांहीं माऊसांत अशी कळ बसविली कीं, जींत धातूंचा स्पर्श विजेचें काम करीतच नाहीं. दाबतांच प्रकाशाचा बारीक किरण अडतो किंवा सुटतो, आणि तीच टिचकी. किरणाला उसळी नाहीं कीं गंज नाहीं. तथापि अशीं उपकरणें अजून सर्वांच्या हातीं नाहींत. बहुतेक मेजांवर ती पट्टीच टिकटिकते आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ मधील अहवालाप्रमाणें एका २०२२ सालांत जगानें ६ कोटी २० लाख टन विद्युत्-उपकरणांचा कचरा निर्माण केला, आणि त्याच्या चौथाईहूनही कमी भागाचा रीतसर पुनरुपयोग झाल्याची नोंद आहे. त्या ढिगांत एका पट्टीच्या दोषासाठीं फेंकून दिलेले माऊसही आहेत. त्यांचें कवच, त्यांचा प्रकाशाचा डोळा, त्यांची उजवी कळ हीं सर्व शाबूत असतात. घरांत असा माऊस हट्टास पेटला तर त्याला कचऱ्यांत टाकण्यापूर्वीं आणि वडीलधाऱ्यांच्या बोटाला बोल लावण्यापूर्वीं कळ दाबून धरण्याची ती एक कसोटी अवश्य घ्यावी. तिला मिनिटभरही लागत नाहीं, आणि पुष्कळदां तिनें माऊस व माणूस या दोघांचीही अब्रू वांचते.