सायलेन्सर निळा का पडतो?

नवी मोटारसायकल घरी आली की तिच्या सायलेन्सरचा क्रोमचा पाइप आरशासारखा लखलखत असतो. काही दिवसांनी मात्र इंजिनाजवळच्या वळणावर आधी सोनेरी, मग जांभळट आणि शेवटी गडद निळी झाक दिसू लागते. मालक पॉलिश आणि फडके घेऊन घासत बसतो. हा रंग ना धुराचा, ना तेलाचा. मग तो आला कोठून? या साध्या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर मिळायला अडीचशेहून अधिक वर्षे लागली. त्या वाटेवर सर सी. व्ही. रामन यांचा एक न टिकलेला तर्कही आपल्याला भेटतो.

लोहाराला हे रंग फार पूर्वीपासून ओळखीचे आहेत. तापवून लाल केलेले पोलाद पाण्यात बुडवले की कडक होते, पण ठिसूळही होते. हा ठिसूळपणा घालवण्यासाठी ते पुन्हा बेताने तापवावे लागते. जवळ तापमापक नसला तरी किती तापवायचे हे रंग सांगत असे. सुमारे २३० अंश सेल्सिअसला वाळल्या गवतासारखा पिवळा, २८० अंशांच्या आसपास जांभळा आणि ३०० अंशांना निळा. वस्तऱ्याला पिवळा पुरे, स्प्रिंगला निळा हवा.

या रंगांचा शास्त्रीय विचार रॉबर्ट हूक यांनी १६६५ साली ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात केला. पोलादावरचे रंग आणि अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यावरचे रंग एकाच जातीचे आहेत, हे त्यांनी ओळखले. कारण मात्र १८०१ मध्ये टॉमस यंग यांनी प्रकाशाच्या व्यतिकरणाची कल्पना मांडली तेव्हा कळले. पापुद्र्याच्या वरच्या पृष्ठावरून काही प्रकाश परततो, तर काही खाली धातूपर्यंत जाऊन परततो. या दोन तरंगांची गाठ पडते तेव्हा पापुद्र्याच्या जाडीनुसार काही रंग एकमेकांना मारतात. उरलेले रंग आपल्याला दिसतात. पाण्यावर पसरलेल्या तेलाच्या थरात दिसणारे रंग याच प्रकारचे.

प्रश्न सुटला असे वाटत असतानाच १९१८ मध्ये ए. मॅलॉक यांनी एक अडचण पुढे आणली. रंग जाडीवर अवलंबून असेल, तर पापुद्रा घासून पातळ करताच रंग बदलायला हवा. प्रत्यक्षात पोलादावरचा रंग घासल्यावर फिका होत गेला, पण बदलला नाही! त्या वेळी कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक असलेल्या रामन यांनी १९२२ मध्ये ‘नेचर’मध्ये याविषयी लिहिले. पापुद्रा सलग नसून कणमय असावा आणि रंग विवर्तनाने निर्माण होत असावेत, असा त्यांचा तर्क होता.

१९२५ मध्ये केंब्रिजच्या यू. आर. ईव्हान्स यांनी रॉयल सोसायटीपुढे व्यतिकरणाची बाजू पुन्हा भक्कमपणे मांडली. चांदीवर आयोडीनची वाफ सोडली तरी पिवळा, जांभळा, निळा हाच क्रम दिसतो. धातू वेगळा, पापुद्र्याचे द्रव्य वेगळे, पण रंगांचा क्रम तोच. म्हणजे क्रम ठरवते ती जाडीच. मग मॅलॉक यांच्या निरीक्षणाचे काय? घासताना पृष्ठावरचे उंचवटे पूर्ण उघडे पडतात आणि खळग्यांत पापुद्रा मूळ जाडीनेच शिल्लक राहतो. म्हणून रंग फिका होतो, पण बदलत नाही. लोखंडावर पिवळ्या रंगापासून निळ्यापर्यंत जाताना पापुद्र्याची जाडी साधारण ४५ नॅनोमीटरपासून ७० नॅनोमीटरपर्यंत वाढते. म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाएवढीच!

आता क्रोमकडे वळू. व्होकलां यांनी १७९७ मध्ये क्रोमियम शोधले, पण त्याचा मुलामा देण्याची व्यापारी पद्धत अमेरिकेत कॉलिन फिंक आणि इतरांच्या प्रयत्नांतून १९२० च्या दशकात आली. शोभेच्या कामात खाली निकेलचा जाड थर असतो आणि वर क्रोमचा थर असतो जेमतेम पाव ते अर्धा मायक्रोमीटर. क्रोमियमवर नेहमीच ऑक्साइडचा एक अदृश्य पापुद्रा असतो. तोच त्याला गंजू देत नाही. पाइप फार तापला की हा रखवालदार जाड होतो आणि दिसू लागतो, एवढेच. क्रोमियमला रंग चढायला साध्या पोलादापेक्षा जास्त तापमान लागते, पण इंजिनाच्या तोंडाशी ते सहज मिळते.

उपाय यातूनच निघतो. तापमान तेच राहिले तर पापुद्रा दुप्पट जाड व्हायला साधारण चौपट वेळ लागतो. तापमान वाढले की मात्र ही वाढ झपाट्याने होते. तेव्हा अडवायची ती उष्णता. इंधनात हवेचे प्रमाण गरजेपेक्षा जास्त असणे, ठिणगी उशिरा पडणे, सांध्यातून हवा शिरणे, उभ्या गाडीचे इंजिन बराच वेळ चालू ठेवणे, या सर्वांनी पाइप अधिक तापतो. दुहेरी भिंतीचा पाइप हा कारखान्यात करायचा उपाय. गरम वायू आतल्या नळीतून जातो, मधे हवेची पोकळी असते आणि बाहेरचे क्रोम थंड राहते. काही ठिकाणी पाइपाला आतून उष्णतारोधक सिरॅमिक लेप देतात.

पॉलिशने रंग जातो, पण त्याबरोबर थोडे क्रोमही जाते. वारंवार घासले की निकेल उघडे पडते आणि पुढे पोलाद गंजू लागते. पुन्हा मुलामा द्यायचा तर बहुधा क्रोमिक आम्लाचे द्रावण लागते. त्यातले षट्‌संयुजी क्रोमियम कर्करोगकारक असल्याने ते काम करणाऱ्या कामगाराला धोका असतो. म्हणजे आपल्या हौसेची किंमत दुसराच कोणीतरी मोजतो.

वर्गात एक प्रयोग जरूर करावा. हॅकसॉच्या जुन्या पात्याचा तुकडा पॉलिश पेपरने लख्ख करा. एक टोक चिमट्यात धरून दुसरे स्पिरिटच्या दिव्यावर शिक्षकांनी स्वतः तापवावे. ज्योतीकडून थंड टोकाकडे निळा, जांभळा, तपकिरी, पिवळा असे पट्टे उमटतील. पाते थंड झाल्यावर निळा पट्टा हलक्या हाताने घासा आणि काय होते ते मुलांनाच सांगू द्या. उत्तर सांगण्याची घाई आम्ही करणार नाही. मॅलॉक आणि रामन जेथे अडखळले, तेथे मुलांनीही थोडा वेळ थांबावे, हेच बरे.